लेणी सोमवारी बंद असतात

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बँकेतला माझा राजीनामा गेल्या शुक्रवारी मंजूर झाला. फोनवर सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून हे पत्र. यापुढे मी अजिंठ्याला पूर्ण वेळ गाइडचे काम करणार आहे. परवाना हाती आल्यावरच मी हा निर्णय घेतला, रागाच्या भरात नव्हे. आणि तुमचे दरमहाचे पैसे पूर्वीसारखेच 5 तारखेला येतील.

बाबा, वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या रात्री मला गच्चीवर उभे करून तुम्ही खाली अंगणातून ऐकत असायचात आणि मी शेवटचा शब्द गिळला की "पुन्हा" म्हणायचात. इथे ती शिकवण अर्धीच चालते. लेण्यात आवाज चढवला की तो घुमतो आणि शब्दांचा काला होतो. म्हणून राजा हरिषेण, त्याचा मंत्री वराहदेव आणि 1819 साली शिकारीला येऊन दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचे नाव कोरून गेलेला जॉन स्मिथ, हे सगळे मी बाहेर उजेडातच सांगून टाकते. पहिल्या लेण्यात शिरल्यावर मात्र लोकांचे डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प राहते. मग भिंतीवर रंगवलेला बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू दिसू लागतो. तिथल्याच गाभाऱ्यातल्या बुद्धावर पडणाऱ्या उजेडाची बाजू बदलली की चेहऱ्यावरचा भावही बदलतो. आई, गौरीपुढची समई जराशी सरकवून "बघ, हसली!" म्हणायचीस ना, तसेच. ते मी अजूनही खरे मानते.

खोली फर्दापूरला घेतली आहे, लेण्यांपासून जवळच. घरमालकीणबाई तव्यावरची भाकरी थेट ताटात वाढतात, तेव्हा जेवणाची काळजी नको. उन्हाळ्यात काम थोडे कमी असेल, पण त्याची तजवीज करून ठेवली आहे.

आता माझे ऐका. बाबांनी "बरे वाटते" म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करायची नाही. आईने गुडघा दुखत असताना माळ्यावर चढायचे नाही. डिसेंबरात दोघांनी इथे यायचे, मेमध्ये मुळीच नाही. पायऱ्यांसाठी डोली मिळते. माणसांच्या खांद्यावर बसणे बाबांना पटणार नाही, हे मला ठाऊक आहे, त्यांनी सावकाश चढावे, पण आईला अडवू नये.

रागावला असलात तरी सोमवारी सकाळी फोन उचला. सोमवारी लेणी बंद असतात, मी घरीच असेन.

तुमची,
चिमू