विमान त्यांचे, पेटी आपली

महोदय,

सौरऊर्जेवर महिनोन्‌महिने उडणाऱ्या मानवरहित विमानांबद्दल लिहिले जाते, ते सगळे पंखांबद्दल. २०२२ मध्ये एअरबस कंपनीचे ‘झेफिर’ हे असेच विमान ६४ दिवस हवेत राहिले. बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजनेही २०२४ मध्ये अशा विमानाच्या छोट्या प्रतिकृतीची चाचणी घेतली. पण ६४ दिवस खाली पाळ्या लावून बसायचे कुणी आणि कशात?

विमान जमिनीवरून चालवणाऱ्या नियंत्रण केंद्राचा सरंजाम जीपमध्ये मावणाऱ्या पेट्यांत बसवणे हे खरे कारागिराचे काम. विमान वीस किलोमीटर उंचीवर, कधी शंभर-दोनशे किलोमीटर लांब; डिश अँटेना सतत त्याच्याकडे वळत राहिली पाहिजे. ती फिरवणाऱ्या गिअरमध्ये जरा जरी ढिलाई असली की निशाणा हलतो, सिग्नल पडतो. शिवाय दुसरी रेडिओ लिंक, बॅटरीचा आधार, उन्हात दिसणारा स्क्रीन, आणि पाणी न शिरणारे कनेक्टर. (आमच्या जुलैत गंजत नाही ते कुठेच गंजणार नाही!)

ओतकाम आणि गिअर हे कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोली या औद्योगिक वसाहतींचे रोजचे काम. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. तेव्हा पन्हाळ्यावर अशी पेटी असती तर विमानातून मोबाईल संपर्क देता आला असता. पूर वरून बघायचा तर साध्या कॅमेऱ्याला ढगांखालचे दिसत नाही, रडारच हवे, हेही खरे.

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी दरवर्षी तीच ड्रोन बनवण्यापेक्षा एकदा ही डिश फिरवून बघावी.

— एक वर्कशॉपवाला, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर