आवारातली तणनाशक फवारणी आणि मला दिलेली नोटीस

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहरचना संस्था, कोथरूड, पुणे.

विषय: हीट गन (गरम हवेने तण मारणारे विजेचे उपकरण) वापरण्यास मनाई करणारी नोटीस मागे घेणे व आवारातील तणनाशकाची फवारणी थांबवणे याबाबत.

महोदय,

समितीची नोटीस दाराच्या फटीतून आत सरकवलेली मिळाली. बेल वाजवून हातात दिली असती तर तिथल्या तिथे दोन शब्द बोलता आले असते आणि कदाचित हे पत्र लिहावं लागलं नसतं. ‘सामायिक जागेत आग अथवा उष्णता निर्माण करणारे कोणतेही उपकरण कोणत्याही सभासदाने वापरू नये’ असं त्यात लिहिलं आहे. शब्द मोघम असले तरी आवारात असं उपकरण वापरणारी मी एकटीच आहे आणि नोटीस फक्त माझ्याच दारात आली आहे. आजवर बहुतेक गोष्टी मी तोंडीच सांगत आले. सोसायटीत राहायचं तर कागदोपत्री जाऊ नये, असं माझं पहिल्यापासून मत आहे. पण आता लेखीच दिलेलं बरं.

मुळात हा विषय माझ्या हीट गनपासून सुरू झालेला नाही, तो फवारणीपासून सुरू झाला. दर पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकच्या फटींतून, कंपाउंडच्या भिंतीलगत आणि पंपरूमच्या मागे रान माजतं. बागकामाचा ठेका दिलेल्या माणसाचा एक मुलगा पाठीला पंप लावून येतो आणि सगळीकडे तणनाशक मारून जातो. पंपरूममागे ठेवलेल्या कॅनवरचं लेबल मी स्वतः वाचलं आहे: ग्लायफोसेट 41 टक्के. हातमोजे घाला, तोंड-नाक झाका, अंगभर कपडे घाला, असं त्याच लेबलवर छापलेलं आहे. तो मुलगा साध्या चपलेवर होता आणि तोंडाला रुमाल बांधला होता. उरलेलं औषध त्याने थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून पंपरूमच्या कठड्यावर ठेवलं. त्याच कठड्यावर मुलं क्रिकेट खेळताना पाण्याच्या बाटल्या ठेवतात. मी ती बाटली उचलून सचिवांच्या हातात नेऊन दिली. ‘बघतो’ म्हणाले. पुढे काय बघितलं ते कळलं नाही.

ग्लायफोसेटबद्दल मी ऐकीव बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याला माणसात बहुधा कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या गटात टाकलं. यावर मतभेद आहेत, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला ते मान्य नाही, हेही मला ठाऊक आहे. म्हणून तो मुद्दा मी बाजूला ठेवते. पण आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये काढलेल्या अधिसूचनेत कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्या व्यावसायिकांखेरीज कोणी ग्लायफोसेट वापरू नये, असं म्हटलं होतं. आपल्या ठेकेदाराकडे असा परवाना आहे का, हे मी विचारलं आणि अजूनही विचारते आहे. फ्रान्समध्ये सार्वजनिक बागा आणि रस्त्यांवर रासायनिक तणनाशकं 2017 पासून बंद आहेत, घरगुती बागांत 2019 पासून आणि निवासी इमारतींच्या सामायिक आवारांत जुलै 2022 पासून. म्हणजे आपल्यासारख्याच सोसायट्यांच्या आवारात. तिथे तण उगवत नाही म्हणून बंदी घातलेली नाही.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे. ग्लायफोसेट मातीला घट्ट धरून बसतं, म्हणून शेतात ते फार लांब जात नाही, असं सांगतात. पण पेव्हर ब्लॉकवर आणि काँक्रीटवर धरून बसायला माती कुठे आहे? यंदा आभाळ भरून आलेलं असताना फवारणी झाली आणि संध्याकाळी धो धो पाऊस पडला. ते सगळं पाणी उतारावरून रेनवॉटर हार्वेस्टिंगच्या खड्ड्यात गेलं. तो खड्डा आपण बोअरचं पाणी वाढावं म्हणून केला आहे आणि त्यासाठी प्रत्येकाने वर्गणी दिली आहे. तणनाशकाचा कस पानातून मुळापर्यंत उतरायला काही तास कोरडे मिळावे लागतात, म्हणजे त्या दिवशी गवतही मेलं नाही आणि पैसेही वाहून गेले. पुढच्या आठवड्यात ठेकेदाराने पुन्हा फवारलं आणि पुन्हा बिल लावलं.

सगळ्यात मनाला लागलेली गोष्ट वेगळी आहे. श्रावणात जिवतीच्या पूजेला आपल्याकडच्या कितीतरी घरांत आघाडा आणि दूर्वा लागतात. अ विंगमधल्या आजी वर्षानुवर्षं कंपाउंडच्या कडेच्या दूर्वा खुडतात, स्वतःच्या घराला ठेवून चार घरांना वाटतात. फवारणी झाली आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही, फलकावर एक ओळसुद्धा लिहिली नाही. त्यांनी खुडलेल्या जुड्या देवापुढे वाहिल्या गेल्या आणि त्याच हातांनी नैवेद्य केला गेला. मला कळलं तेव्हा मी घरोघर जाऊन सांगितलं. हे काम माझं होतं का? आता गणपती तोंडावर आले आहेत. एकवीस दूर्वांची जुडी कुठून आणायची ते समितीने सांगावं.

तक्रार करून थांबणारी मी नाही, म्हणून मी स्वतःच्या पैशाने लांब दांड्याची, विजेवर चालणारी हीट गन आणली. मी जीवशास्त्र शिकवत होते, त्यामुळे ती कशी काम करते हे चार ओळींत सांगते. कारण समितीत कोणीही ती चालताना पाहिलेली नाही आणि नोटीस मात्र निघाली आहे. तोंडातून अतिशय गरम हवा येते. ती रोपट्यावर काही सेकंद धरायची. पानाचं तापमान साठ-सत्तर अंशांच्या पुढे गेलं की पेशींतली प्रथिनं गोठतात, पेशींची आवरणं फुटतात आणि पान पाणी धरू शकत नाही. पान जाळावं लागत नाही, काळं करावं लागत नाही. त्याचा रंग किंचित गडद होतो. मग ते पान अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून पाहायचं. बोटाचा ओलसर, गडद ठसा पानावर उमटला की काम झालं, पुढच्या रोपाकडे जायचं. दुसऱ्या दिवशी रोप माना टाकतं आणि उन्हात वाळून जातं. धूर नाही, वास नाही, पाण्यात काही मिसळत नाही.

सगळं तण एकाच फेरीत मरतं असा माझा दावा नाही. दोन-चार पानांवर असलेली घोळ, एकदांडी, दुधी, केना पटकन जातात. हरळी आणि लव्हाळा यांचं खालचं खोड आणि गड्डे जमिनीत सुरक्षित राहतात, ते पुन्हा फुटतात. दर दोन-तीन आठवड्यांनी कोवळ्या फुटीवर गरम हवा दिली की गड्ड्यातला साठा संपत जातो. भिंतीतल्या पिंपळाला मुळासकटच काढावं लागतं, तिथे गन उपयोगाची नाही. गाजर गवत मोठं झालं असेल तर फुलं यायच्या आत हातमोजे घालून उपटायचं, कारण एक झाड हजारो बिया टाकतं आणि त्याच्या परागांनी दमा आणि अंगावर चट्टे येतात. हे गवत देशात पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते 1950 च्या दशकात आपल्याच पुण्यात, तेव्हा निदान आपण तरी ते ओळखायला हवं. पार्किंगमागचं गाजर गवत मी आणि अ विंगच्या दोन मुलींनी मिळून उपटलं. आभाराची अपेक्षा नव्हती, नोटिशीचीही नव्हती.

आता ब विंगच्या तळमजल्यावरच्या सभासदांच्या तक्रारीविषयी. त्यांचं नाव मी लिहीत नाही, समितीला ते माहीत आहे. त्यांची पहिली तक्रार होती की मी सामायिक वीज वापरते. पार्किंगमधला प्लग मी तेव्हाच्या सचिवांना विचारून वापरत होते. गन 2000 वॅटची आहे, अर्धा तास चालवली तर एक युनिट होतं. तरीही वाद नको म्हणून मी माझ्या घरातल्या सोळा अँपिअरच्या पॉइंटवरून तीन तारांचं जाड एक्स्टेन्शन ओढलं, म्हणजे बिल माझं. मग दुसरी तक्रार आली की वायर वाटेत येते आणि कोणीतरी अडखळेल. मी सकाळी सहाच्या आधी काम करू लागले. मग तिसरी तक्रार आली, आगीची. प्रत्येक तक्रार दूर केली की नवी तयार होते, यावरून काय समजायचं?

आगीचं म्हणाल तर मी आधी झाडून वाळका पाला बाजूला काढते, जवळ पाण्याची बादली ठेवते, गाड्यांपासून आणि गॅसच्या पाइपपासून लांब राहते. पाऊस असताना किंवा फरशी ओली असताना गन बाहेर काढत नाही, उघडीप मिळाली तरच. घरच्या लाइनला गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवलेला आहे. उन्हाळ्यात वाळक्या गवतावर मी ती मुळीच चालवत नाही. ज्यांनी आगीची तक्रार केली, त्यांनीच गेल्या थंडीत पंपरूममागे पाल्याचा ढीग पेटवला होता. धुराने अ विंगच्या खिडक्या दिवसभर बंद होत्या. शहरात पाला जाळायला बंदी आहे. तेव्हा नोटीस निघाली नाही. त्यांची इलेक्ट्रिक स्कूटर रोज रात्री सामायिक प्लगवर चार्ज होते. एका पूर्ण चार्जिंगला माझ्या गनच्या अर्ध्या तासाच्या दुप्पट-तिप्पट वीज लागते. दोन गाड्या ते पाइप लावून धुतात, ते पाणी फटींत मुरतं आणि भर उन्हाळ्यातही त्यांच्याच दारासमोर लव्हाळा हिरवागार असतो. जिन्यात त्यांच्या कुंड्या आहेत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचतं आणि डासांची तक्रार मी दोन पावसाळ्यांपूर्वी दिली होती. आमच्या बाथरूमच्या भिंतीला आलेल्या ओलीचं प्रकरण तर मी इथे काढतच नाही.

उपविधींमध्ये इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही करू नये, असं म्हटलं आहे. नोटिशीत तेच वाक्य माझ्यावर लावलं आहे. कोणाला सूचना न देता, परवाना न पाहता, मुलांच्या खेळायच्या जागेत विष फवारणं हा उपद्रव नाही का? सभासदाने लेखी तक्रार दिली की समितीने ती पुढच्या सभेत घ्यावी आणि निर्णय सभासदाला कळवावा, हेही उपविधींतच आहे. फवारणीविषयीचा माझा अर्ज पोचपावतीसकट माझ्याकडे आहे. त्याला उत्तर आलेलं नाही. तळमजल्यावरच्या तोंडी तक्रारीवर मात्र लगेच नोटीस निघाली.

हे माझं एकटीचं मत आहे असं समितीने समजू नये. अ विंगमधल्या बहुतेक घरांशी माझं बोलणं झालं आहे. कढीपत्त्याचं झाड फवाऱ्याने पिवळं पडलेल्या ताई, लहान बाळ असलेलं जोडपं, वरच्या मजल्यावरचे डॉक्टर, सगळे हेच म्हणतात. सही द्यायला ते पुढे येत नाहीत, कारण शेजाऱ्याशी कोणाला वाईटपणा घ्यायचा नसतो. अध्यक्षसाहेब, आपण स्वतःही मला जिन्यात म्हणाला होतात की फवारणी आपल्याला पसंत नाही. ते सभेत का म्हटलं जात नाही?

माझ्या मागण्या फार नाहीत. नोटीस मागे घ्यावी आणि ती जशी माझ्या दारात आली तसं मागे घेतल्याचं पत्रही यावं. गणपती होईपर्यंत आवारात कुठलंही तणनाशक मारू नये. पुढे मारायचंच असेल तर औषधाचं नाव, तारीख आणि ठेकेदाराच्या परवान्याचा क्रमांक दोन दिवस आधी फलकावर लावावा आणि फवारणीच्या वेळी समितीतल्या कोणीतरी तिथे उभं राहावं. तणाचं काम मी आणि मुली करत राहू, सोसायटीने एक रुपयाही देऊ नये. ब विंगच्या सभासदांनी गाड्या बादलीने धुवाव्यात आणि स्कूटरसाठी स्वतःच्या मीटरवरून लाइन घ्यावी, हे समितीने त्यांना लेखी कळवावं, जसं मला लेखी कळवलं. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायचीच आहे, तिच्या विषयपत्रिकेत हा विषय यावा. समितीतल्या कोणालाही हीट गन पाहायची असेल तर रविवारी सकाळी, पाऊस नसेल तर, मी पंपरूमजवळ असेन.

कळावे,

आपली,
अ विंगमधील एक सभासद

प्रत: मा. सचिव, मा. खजिनदार व सूचना फलक

ता. क. पार्किंगमधल्या ज्या प्लगवरून एवढा वाद झाला, त्याचं झाकण मार्चपासून तुटलेलं आहे आणि पावसाचं पाणी थेट आत उडतं. स्कूटर अजूनही त्यावरच लागते. इलेक्ट्रिशियनला आजच बोलवावं.