एसीचा गॅस न भरता गाडी गार करून देणाऱ्या मिस्त्री चाचांना

चाचा, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही "हां, ठीक है बेटा, गाडी सांभाळून चालवा" म्हणून फोन ठेवून दिलात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. तुमचा नातू वाचून दाखवील. उघड लिहायचं आणखी एक कारण आहे. आमच्या गाडीला जे झालं होतं ते आणखी बऱ्याच जुन्या गाड्यांना होत असणार, आणि त्यांचे मालक आजही कुठंतरी रांगेत उभे राहून गॅस भरून घेत असणार.

आमची तक्रार साधी होती. बीडहून अंबाजोगाईला निघालं की सपाटीवर एसी झकास चालायचा. मांजरसुंब्याचा घाट लागला की डॅशबोर्डच्या जाळ्यांतून येणारी हवा गायब. घाट संपून गाडी वर आली की परत हजर. मे महिन्यात, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असताना, मागच्या सीटवरून सासूबाई म्हणायच्या, "गाडीला बी घाट चढताना दम लागायलाय." सगळ्या मिस्त्र्यांपेक्षा त्यांचंच निदान खऱ्याच्या जास्त जवळ होतं, हे तुमच्याकडं आल्यावर कळलं.

तुमच्याआधी काय काय झालं ते थोडक्यात सांगते. एकानं गॅस कमी आहे म्हणून भरला. दुसऱ्यानं कॉम्प्रेसर थकलाय म्हणून मोठ्ठा आकडा लिहून दिला. तिसऱ्यानं गाडीच काढून टाका म्हणून सल्ला दिला आणि गिऱ्हाईकही आणतो म्हणाला. गाडीचं मी सांगायचं आणि उत्तर मात्र नवऱ्याकडं बघून यायचं, हे तिन्हीकडं सारखंच.

तुम्ही बोनेट उघडलंच नाही. आधी विचारलंत, "हवा बंद होते, का दुसरीकडं जाते?" हा प्रश्न तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता. मग माझ्या शेजारी बसून घाट उतरायला लावलात आणि परत चढायला लावलात. चढावर मी ॲक्सिलेटर दाबला, समोरची हवा गेली, आणि तुम्ही पंखा चालूच ठेवून तळहात काचेच्या बुडाशी असलेल्या फटीवर ठेवलात. "हात लावून बघा. तुमचा एसी इथं आहे." मी हात नेला तर काचेवर बर्फासारखी गार हवा फुंकली जात होती. म्हणजे गॅस होता, कॉम्प्रेसर धडधाकट होता, कूलिंग जागेवर होतं. फक्त गार हवा माणसांऐवजी काचेला लागत होती.

लिंबाच्या सावलीत गाडी लावून तुम्ही जे समजावलंत ते मी घरी येऊन वहीत लिहून काढलंय. डॅशबोर्डच्या आत हवेची वाट बदलणाऱ्या झडपा असतात. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या केबलनं हलतात, नव्या गाड्यांत छोट्या मोटारींनी. आमच्यासारख्या काही गाड्यांत त्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, चालतात. पेट्रोल इंजिन हवा ओढून घेताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळांत, जो व्हॅक्यूम तयार होतो, तोच बारीक नळ्यांतून केबिनपर्यंत आणलेला असतो. झडपेला एक डब्बी, डब्बीत रबरी पडदा. व्हॅक्यूम मिळाला की पडदा आत ओढला जातो आणि झडप फिरते. व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग झडपेला मूळ जागेवर नेते, आणि ती मूळ जागा मुद्दाम काचेकडची ठेवलेली असते. काही बिघडलं तरी काचेवरची वाफ निघावी, चालवणाऱ्याला रस्ता दिसावा, म्हणून. ज्यानं हे ठरवलं त्या माणसाचं मला कौतुक वाटलं, पण मे महिन्यात बीड जिल्ह्यात तो आला असता तर त्याला दोन शब्द ऐकवले असते.

आणि घाटच का? तर ॲक्सिलेटर जितका जास्त दाबाल तितका मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी. पूर्ण दाबला तर जवळजवळ शून्य. म्हणून गाडीत एक काळा प्लास्टिकचा डबा असतो, व्हॅक्यूम साठवायला, आणि तो उलटा परत जाऊ नये म्हणून एक चेक व्हॉल्व्ह, एकाच दिशेनं हवा जाऊ देणारा. चढावर इंजिन देत नाही तेव्हा या साठ्यावर काम भागायला पाहिजे. आमचं भागत नव्हतं. म्हणजे साठा कुठंतरी गळत होता. आयडलिंगला इंजिन गळतीपेक्षा जास्त ओढतं म्हणून सगळं ठीक दिसायचं, आणि शेडमध्ये उभ्या गाडीत कुणालाच दोष सापडायचा नाही.

यानंतरचं तुमचं काम बघणं म्हणजे खरी मजा होती. आधी व्हॅक्यूम मोजायचं गेज मॅनिफोल्डला जोडलात. काटा सतरा इंचांच्या आसपास (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात), न थरथरता. मी विचारलं, हे कमी नाही का? तुम्ही म्हणालात, पुस्तकातला आकडा समुद्रकाठचा असतो, आपण दोन हजार फुटांच्या आसपास, हजार फुटांमागं साधारण एक इंच वजा धरायचा. इंजिन बरोबर आहे. मग इंजिन बंद केलंत आणि मला जाळीसमोर हात धरायला लावलात, पंखा चालू ठेवून. चांगल्या गाडीत झडप बराच वेळ जागा सोडत नाही. आमची लगेच पडली.

मग तो हातानं दाबायचा व्हॅक्यूम पंप. तो तुम्ही सरळ माझ्या हातात दिलात. नवरा बाजूला चहा पीत होता आणि मी पंधरा इंचांपर्यंत पंप मारून काट्याकडं डोळे लावून बसले होते. काळ्या डब्यावर काटा जागचा हलला नाही, म्हणजे डबा गळत नव्हता. चेक व्हॉल्व्ह काढून तुम्ही तोंडानं फुंकून दाखवलात, एकीकडून हवा जाते, दुसरीकडून नाही, म्हणजे तोही बरा. डब्यापासून केबिनकडं जाणाऱ्या नळीला पंप लावला आणि काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली यायला लागला. तुम्ही लगेच ओरडला नाहीत की "सापडलं". नळी केबिनच्या भिंतीपाशी सोडवून दोन भाग वेगळे तपासलेत. आतला भाग व्हॅक्यूम धरून राहिला, इंजिनकडचा नाही.

शेवटी बॅटरी उचलली तेव्हा दोषी दिसला. बॅटरीच्या ट्रेखालून जाणारा रबरी एल्बो, म्हणजे नळीचा कोपरासारखा वाकडा जोड, अंगठ्याच्या पेराएवढा. वरून ठीक, पण खालच्या बाजूनं फुगून चिरलेला, आणि चिरेवर पांढरी भुकटी. बॅटरीतून झिरपलेल्या ॲसिडनं तो खाल्ला होता. तुम्ही तो वाकवलात तेव्हा चीर उघडली आणि बोट काढल्यावर मिटली. एवढीशी गोष्ट.

मधेच मी शहाणपणा करून म्हटलं होतं, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे का, पंक्चरवाला बघतो तसे? तुम्ही हसलात. इथं हवा बाहेर येत नाही, आत ओढली जाते, बुडबुडा कुठून येणार? शेजारच्या पोरानं उदबत्तीचा धूर धरायचं सुचवलं तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत. पेट्रोलच्या गाडीजवळ पेटती काडी आणली तर हाकलून देईन म्हणालात. हे मी इथं मुद्दाम लिहितेय, कारण तो उपाय सुचवणारे बरेच भेटतात.

एल्बो नवा बसवला, ट्रे सोड्याच्या पाण्यानं धुतला, आणि आयडलिंगला गाडी जी जराशी थरथरायची तीही थांबली. मला वाटलं झालं. तुम्हाला नाही वाटलं. पंखा बंद करून एसीची गोल चावी एकेका खुणेवर फिरवत तुम्ही कान देऊन बसलात. बाकी सगळीकडं शांत, फक्त आतलीच हवा फिरवायच्या खुणेवर ग्लव्ह बॉक्सच्या मागून बारीक सुस्स आवाज. त्या डब्बीचा पडदा फाटला होता. व्हॅक्यूम नाही तर ती झडप बाहेरची हवा आत घेते, म्हणजे आपल्याकडं सरळ झळाच. भर उन्हात कूलिंग कमी वाटायचं त्यात हिचाही हात होता. तुम्ही ती नळी काढून तोंडाला रबरी टोपी लावलीत, म्हणजे तिच्यामुळं बाकीच्यांचा व्हॅक्यूम जाणार नाही, आणि झडप हातानं आतल्या हवेवर ढकलून तारेनं बांधून ठेवलीत. पावसाळ्यात काचेवर वाफ धरायला लागली तर तार सोडा, हेही बजावलंत. काही गाड्यांत हीटरच्या गरम पाण्याचा व्हॉल्व्हसुद्धा व्हॅक्यूमवरच असतो आणि तो बंद झाला नाही तर एसीला आतूनच शेक बसतो, हेही तेव्हाच सांगितलंत. आमच्यात तो केबलवर आहे.

पैसे विचारले तर एल्बोचे आणि तुमच्या वेळेचे, एवढेच. ते एका वेळच्या गॅसपेक्षा कमी भरले. वेळेचे पैसे घेतलेत याचं मला फार बरं वाटलं. तुमच्या हातून पार्ट एकच विकला गेला, तोही अंगठ्याएवढा. बाकी सगळं विचार करायचंच काम होतं, आणि त्याचं बिल व्हायलाच पाहिजे. "बोनेट उघडायच्या आधी एक फेरी मारून येऊ" म्हणणाऱ्या मिस्त्र्याला जास्त पैसे द्यायची माझी तयारी आहे, हे इथं सगळ्यांसमोर लिहून ठेवते.

सासूबाईंनी निरोप दिलाय की गाडीचा दम गेला, आता चाचांनी त्यांच्या गुडघ्यांचंही बघावं.

आणि हो, ती डब्बी मिळाली. छत्रपती संभाजीनगरच्या भंगार बाजारात, त्याच मॉडेलच्या एका गाडीतून काढलेली. तुम्ही सांगितलं होतं तसं घेण्याआधी नळीला तोंड लावून हवा ओढली आणि जिभेनं भोक बंद केलं. पडदा आत गेला तो तसाच राहिला. दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला. पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येतेय, तार सोडायला. ग्लव्ह बॉक्सचे स्क्रू मी काढणार, तुम्ही फक्त बघा.

तुमची,
अंबाजोगाईची बेटी