आठवड्याच्या बाजाराचा हिशेब: आई-बाबांना पत्र

नाशिक,
८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

संक्रांतीला साताऱ्याला आले होते तेव्हा आईने हिशेबाची वही माझ्यापुढे ठेवली आणि तीन वर्षांत किराण्याचा आकडा वाढू दिलेला नाही, असे मोठ्या समाधानाने सांगितले. त्या पानांचे फोटो मी काढून आणले होते, ते इथे निवांतपणे वाचले. आकडा खरोखरच वाढलेला नाही. परंतु बाजारात भाव चढत असताना खर्च जागचा हलत नसेल, तर पिशवीतून काहीतरी कमी होत गेले असले पाहिजे, आणि नेमके काय कमी झाले ते पाहिल्यावर हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. फोनवर हा विषय काढला की बाबा "आमचे व्यवस्थित भागते" एवढे म्हणून फोन आईकडे देतात आणि आई नातीच्या शाळेची चौकशी सुरू करते. म्हणून सगळे सविस्तर लिहूनच कळवते.

वहीप्रमाणे तूरडाळ महिन्याला दोन किलोंवरून एक किलोवर आली आहे, मूगडाळ कोणी आजारी पडले तरच येते, गवळ्याचा रतीब लिटरवरून अर्ध्या लिटरवर आला आहे, आणि फळांच्या नावाने केळ्यांखेरीज काही नाही. शेंगदाणे उपवासापुरते उरले आहेत. तेल मात्र महिन्याला तीन लिटर आणि साखर चार किलो, जशी पूर्वी होती तशीच आहे. शिवाय खारी आणि टोस्ट ही नवी भर पडली आहे. संध्याकाळी लागणारी ही भूक मला दुपारच्या पातळ आमटीची वाटते. डाळ-दुधाने पोट जसे धरून राहते, तसे चहा-टोस्टने राहत नाही, आणि पैसे तर दोन्हीकडे जातातच.

असे का झाले असावे, याचाही मी विचार केला. बाबांची पेन्शन १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली. तिला महागाई भत्ता नाही, त्यामुळे निवृत्तीच्या वेळी जी ठरली तीच आजही येते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ मध्ये ठेवलेल्या दहा लाखांवर ८.२ टक्के व्याज मिळते आणि पाच वर्षे तेही बदलायचे नाही. मिळकतीच्या दोन्ही वाटा अशा बांधलेल्या असताना विजेचे बिल कमी करता येत नाही, औषधे टाळता येत नाहीत, सिलिंडर लागतोच. मग ज्याच्यावर आपला हात चालतो असा एकच खर्च उरतो, तो म्हणजे स्वयंपाकघराचा. आईने आयुष्यभर एका पगारात घर ओढले आहे आणि कुठे हात आखडायचा हे तिला न सांगता कळते. त्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु या वयात ते डाळ-दुधावर चालावे, हे मला मुळीच मान्य नाही.

वय वाढते तसे स्नायू झिजतात, आणि ती झीज भरून काढायला प्रथिने लागतात. जेवण एकंदर थोडे कमी झाले तरी प्रथिनांची गरज कमी होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाच्या आहाराचे जे प्रमाण सुचवले आहे, त्यात एका माणसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी, कडधान्ये किंवा अंडी-मांस, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम शेंगदाणे-तिळासारख्या तेलबिया किंवा सुका मेवा आणि अवघे २७ ग्रॅम तेल-तूप आहे. दोघांच्या आठवड्याचा हिशेब केला तर साडेतीन किलो धान्य, जवळजवळ बाराशे ग्रॅम डाळी-कडधान्ये, सव्वाचार लिटर दूध, साडेपाच किलो भाजी आणि ४०० ग्रॅमच्याही आत तेल, असा होतो. आपल्याकडे आठवड्याला ६०० ग्रॅमच्या वर तेल लागते आणि तूरडाळ पाव किलोही येत नाही. म्हणजे जिथे हात आखडायला हवा तिथे तो मोकळा राहिला आणि जिथे मोकळा हवा तिथे आखडला गेला.

बाराशे ग्रॅम कडधान्य एकदम पचणार नाही, हे मलाही समजते. आठवड्याला नऊशे ग्रॅमपर्यंत या आणि बाबांसाठी सहा अंडी आणा. दातांचा त्रास असताना त्यांना उकडलेले अंडे सोपे जाईल. दुधाचा रतीब पाऊण लिटरचा करावा, म्हणजे चहापुरते ठेवून उरलेल्याचे दही लावता येईल. सध्याच्या अर्ध्या लिटरपैकी बरेचसे चहातच जाते, हे मी तिथे असताना पाहिले आहे.

आई, इथे एक गोष्ट फक्त तुला सांगायची आहे. तू बाबांना वाढतेस, आलेल्या-गेलेल्याला वाढतेस आणि मग पातेल्यात जे उरेल त्यावर स्वतःचे भागवतेस. आमटी संपली असेल तर तुझा ताकभात ठरलेलाच असतो. माझ्या लहानपणापासून हे असेच चालत आले आहे आणि घरात कोणी तुला कधी विचारले नाही. वर जी मापे लिहिली आहेत ती दोन माणसांची आहेत, त्यातले अर्धे तुझे आहे. तू आमटी आधी दोन वाट्यांत काढून घ्यावीस आणि बाबांच्या बरोबर जेवायला बसावेस. बाबा, तुम्ही या एका गोष्टीत लक्ष घालावे, ही तुम्हाला माझी विनंती आहे. ती माझे ऐकणार नाही, पण तुम्ही ताटावर तिच्यासाठी थांबलात तर तिला बसावेच लागेल.

आता पैशांचे. दहा लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये व्याज येते. तिमाहीत तेरा आठवडे असतात, म्हणजे आठवड्याला १,५७७ रुपये झाले. वहीतला सध्याचा खर्च महिन्याला चार हजार, म्हणजे आठवड्याला साधारण सव्वानऊशे आहे. आमच्याकडच्या भावाने मी मांडून पाहिले: डाळी, कडधान्ये आणि अंडी १६०, दूध ३१५, भाजी २८०, फळे ११०, गहू-ज्वारी-तांदूळ १५०, तेल ६०, शेंगदाणे-तीळ ७०, आणि चहा, साखर, मीठ, मसाला मिळून १५०. एकूण तेराशेच्या आत बसते. साताऱ्यात काही वस्तू स्वस्तच पडतील. वरचे पावणेतीनशे रुपये सण, पाहुणे आणि भाजी महागलेल्या आठवड्यांसाठी वेगळ्या डब्यात ठेवावेत. ते त्या आठवड्यात खर्च झाले नाहीत तर पुढे राहू द्यावेत, बँकेत भरू नयेत.

महिन्याऐवजी आठवड्याचा हिशेब धरायला सांगते, त्यालाही कारण आहे. दुकानात खाते ठेवून महिनाअखेर पैसे दिले की पहिल्या पंधरवड्यात काय जास्त गेले ते कळत नाही, आणि शेवटच्या दहा दिवसांत दूध-भाजीवर त्याची भरपाई होते. तुमच्या वहीत महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत भाजीचा खर्च निम्म्यावर येतो, तो त्यामुळेच. दुकानदारांशी आपला इतक्या वर्षांचा संबंध आहे, तो राहावाच. फक्त सामान आठवड्याला रोखीने आणावे आणि जड पिशवी त्यांच्या मुलाकडून घरपोच मागवावी.

खरेदीतल्या काही गोष्टी बाबांसाठी. २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या मालावर नाही. त्यामुळे ओळखीच्या दुकानातली सुटी डाळ निवडून घेणे अजूनही परवडते. पाकीट घ्यायचेच असेल तर छापील किमतीजवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर दिलेला असतो, तो पाहावा. तेलाच्या पिशवीवर वजनही वाचावे: एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते, आणि तशाच दिसणाऱ्या काही पिशव्यांत त्याहून बरेच कमी असते.

वर्षाचा विचार केला तर आणखी बचत होते, आणि हे आईला माझ्यापेक्षा जास्त कळते, तरी इथे नाशिकला राहून जे रोज दिसते ते लिहिते. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि तोच टिकतो. लासलगावकडे शेतकरी चाळीत भरून ठेवतात तो हाच. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा फार दिवस राहत नाही आणि तो येण्याआधीच्या काळात भाव बहुधा चढतात. तेव्हा एप्रिल-मेमध्ये पंधरा किलो चांगला वाळलेला कांदा घेऊन माळ्यावर पसरून ठेवावा, एवढा दोघांना बराच काळ पुरेल. तूर नुकतीच बाजारात येऊ लागली आहे, त्यामुळे वर्षाची नसली तरी चार महिन्यांची डाळ आताच घेऊन उन्हात वाळवून ठेवावी. टोमॅटो जुलै-ऑगस्टमध्ये महागतो, त्या दिवसांत चिंच-आमसुलावर भागवावे. पितृपंधरवड्यात गवार, भेंडी, कारले यांचे भाव चढतात, तेव्हा मंडईत रांगेत उभे राहण्यापेक्षा घरातली मटकी भिजवावी.

कोरेगावचा वाघ्या घेवडा तर आपल्या दाराशी पिकतो. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि दूरचे लोक तो शोधून मागवतात. आठवड्यातून एकदा रात्रभर भिजवून, कुकरमध्ये अगदी मऊ होईपर्यंत शिजवून केलात तर बाबांच्या दातांनाही जड जाणार नाही. घेवडा अर्धाकच्चा मात्र कधीही खाऊ नये, पोटाला फार त्रास होतो.

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. मी आणि दादा दरमहा जे पैसे पाठवतो ते बाबा नातवंडांच्या नावाने आवर्ती ठेवीत भरतात, हे आम्हा दोघांनाही कळले आहे. बाबा, त्यामागची माया आम्ही जाणतो. परंतु नातवंडांच्या शिक्षणाची तरतूद आमच्याकडे आहे, आणि ते पैसे आम्ही तुमच्या औषधांसाठी पाठवतो. औषधे, वीज आणि गॅस हे सारे पेन्शन आणि आमच्या पैशांतून जावे आणि व्याज पूर्णपणे जेवणासाठी राहावे, असे दादाशी बोलून ठरले आहे. सध्याची ठेव मुदत संपेपर्यंत चालू ठेवायची असेल तर तिचे हप्ते आम्ही भरू.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला पुढचे व्याज जमा होईल. त्याच सुमारास मी चार दिवसांची रजा काढून येते, म्हणजे गहू आणि कांदा दोन्ही माझ्यासमोर भरून होतील आणि आईला पोती हलवावी लागणार नाहीत. तोपर्यंत बाबांनी वहीत तेरा आठवड्यांचे रकाने आखून ठेवावेत, आणि गवळ्याला पाऊण लिटरचे उद्याच सांगावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची,
लेक