ओढ्यावर झुकलेली फांदी तोडू नका

मा. केंद्रीय पर्यावरण मंत्री,
सादर नमस्कार.

यंदा मे महिन्यात सह्याद्रीतल्या एका ओढ्यात खोलीकरणासाठी जेसीबी उतरला. काठची झुडपे मुळासकट गेली. हा बॉम्बे नाइट फ्रॉगचा, म्हणजे आपल्या रातबेडकाचा ओढा होता. जगात हा बेडूक फक्त उत्तर सह्याद्रीत आहे.

त्याची मादी पाण्यात अंडी घालत नाही. वाहत्या पाण्यावर झुकलेल्या पानावर नाहीतर ओल्या खडकावर घालते. नर तिच्या पाठीवर वीर्य सोडून आधीच उतरतो, मग ती अंडी घालते आणि पाठीवरून ओघळलेल्या वीर्याने ती फळतात. हे २०१६ मध्ये उजेडात आले. अंड्यातून सुटलेले पिल्लू थेट खाली टपकते. खाली पाणीच हवे! खोलीकरणात धार एका बाजूला सरकते, पान राहते कोरड्या गोट्यांवर, आणि पिल्लू दगडावर पडून मरते. वरची सावली गेली तर उघडिपीच्या एका दुपारी अंड्यांवरचा चीक सुकतो. वरच्या अंगाला खोदलेली माती वाहत येऊन दगडांमधल्या फटी बुजवते, मग पिलांना लपायला जागा उरत नाही.

मागणी साधी आहे. जून ते सप्टेंबर, म्हणजे त्याच्या अंडी घालण्याच्या दिवसांत, ओढ्यात यंत्र नको, फांदीला कोयता नको. इतर महिन्यांतही काठची झाडी आणि पात्रातले दगड जागच्या जागी राहू द्या. पाहणी पावसात, रात्री, विजेरी घेऊन करा. मार्चमध्ये दुपारी जाऊन ‘बेडूक आढळला नाही’ असा अहवाल लिहिणे ही फसवणूक आहे, आणि अशाच कागदांवर मंजुऱ्या निघतात.

कायद्याचे तरी काय झाले? पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे खाणकामासारख्या कामांना जिथे बंदी असेल त्या भागाचा, पहिला मसुदा मार्च २०१४ चा. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला, केरळातल्या वायनाडला दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. ५६,८२५ चौरस किलोमीटर. त्यात महाराष्ट्राचे १७,३४०, आमच्या गुजरातचे ४४९. दहा वर्षांत सहा मसुदे! प्रत्येक वेळी हरकती मागवल्या, प्रत्येक वेळी राज्यांनी गावे वगळायला सांगितली, आणि तोवर डोंगर पोखरले गेले. माणसे गाडली गेल्यावरच फाइल हलत असेल तर बेडकाची दाद कोण घेणार?

त्या ओढ्याच्या डाव्या काठावर जांभळाची एक फांदी अजून पाण्यावर आहे. खोलीकरणाचा पुढचा टप्पा तिथूनच सुरू होणार आहे. तो थांबवण्याचा लेखी आदेश हवा, पहिल्या पावसाच्या आत.

आपले,
बडोद्यातील बेडूक अभ्यासक