टोकियोतला पहिला दिवस

प्रिय संज्या,

पोचलो रे सगळे सुखरूप. इथे रात्रीचे साडेदहा वाजलेत म्हणजे तुमच्याकडे सात, तू दुकानातच असशील. आई आणि चिमी आडव्या झाल्या झाल्या झोपल्या, बायको बाथरूममध्ये कपडे धुतेय, आणि खोली एवढीशी आहे की एक बॅग उघडायची तर दुसरी पलंगावर चढवावी लागते, म्हणून मी दाराशी खाली फतकल मारून हे टाइप करतोय. फोटो ग्रुपवर टाकलेत पण त्यात काही राम नाही, सगळे नुसते उभे आहोत.

विमान सकाळी नारिताला उतरलं, झोप कोणाचीच झाली नव्हती. तिथून उएनोला यायला स्कायलायनर नावाची ट्रेन घेतली. ती ताशी 160 किलोमीटरनी पळते हे अण्णांना आधीच पाठ होतं, गेले दोन महिने यूट्यूबवर दुसरं काही बघतच नव्हते ना, तरी मोबाईलवर स्पीडचं ॲप लावून बसले आणि 158 च्या पुढे आकडा जाईना तर चेहरा असा केला की जणू ड्रायव्हरला मेमो देणार आहेत.

हॉटेलवाल्यांनी बॅगा ठेवून घेतल्या पण खोली तीनलाच मिळेल म्हणाले, वर इतकं वाकून वाकून म्हणाले की भांडायची सोयच राहिली नाही. मी म्हटलं उएनोच्या पार्कात बसू जरा. तर अण्णांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला. घडी घातलेला, चौकडीच्या वहीचा, त्यावर पेनाने काढलेला गोल.

तर ते असं आहे बघ. इथे यामानोते नावाची लोकल आहे, शहराभोवती गोल फिरते, 34.5 किलोमीटर, 30 स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण एक तास. आणि नियम असा की एकच स्टेशन दोनदा लागत नसेल तर कुठल्याही बाजूने फिरून जा, तिकीट जवळच्या रस्त्याचंच पडतं. उएनोच्या शेजारचं स्टेशन ओकाचिमाची. सरळ गेलो तर दोन मिनिटं, उलट्या बाजूने इकेबुकुरो, शिंजुकू, शिबुया, शिनागावा, टोकियो असं सगळं शहर बघून गेलो तर तासभर, पैसे तेवढेच, एका स्टेशनचे. रिटायर झालेला लोको पायलट परदेशात येऊन पहिल्या दिवशी काय करेल तर हे.

गेलो मग. पहिल्याच डब्यात, ड्रायव्हरच्या मागे काच असते तिथे. आई आणि बायकोला जागा मिळाली, चिमी शिंजुकू यायच्या आधीच माझ्या खांद्यावर झोपली, आणि अण्णा तासभर उभे. सत्तरीचा माणूस रे, गुडघे दुखतात म्हणून घरी देवळाच्या पायऱ्या चढत नाहीत! तो ड्रायव्हर पोरगाच होता, पांढरे हातमोजे, समोर डॅशबोर्डवर खाच केलेली आणि त्यात त्याचं खिशातलं घड्याळ बसवलेलं. प्रत्येक स्टेशन सोडताना बोट लांब करून टाइमटेबलच्या कार्डाकडे दाखवायचा, मग मीटरकडे, आणि स्वतःशीच मोठ्याने काहीतरी म्हणायचा. आजूबाजूला कोणी ढुंकून बघत नव्हतं. अण्णा मात्र हळूच स्वतःचा हात वर करायला लागले. आपल्याकडे पण लोको पायलट आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात की, तुला आठवत असेल, आपण लहान असताना अण्णा आणि तुझे बाबा जेवताना पण तसंच बोलायचे. मला म्हणाले, "हा एकटाच आहे, तरी म्हणतोय. कोणी ऐकत नाही तरी म्हणतोय." मग बराच वेळ गप्प. नंतर अर्थातच खोड काढलीच, खांबावर सिग्नल नाहीत सगळं केबिनमध्येच दिसतं मग ह्यात काय मर्दुमकी, आणि रूळ बघ, साडेतीन फुटी, ही तर आपली मीटरगेजच म्हणायची थोडी खाऊनपिऊन सुखी.

ओकाचिमाचीला खड्या-दागिन्यांचा बाजार आहे, त्यात आपले भारतीय व्यापारीही बरेच, म्हणून तिथे शुद्ध शाकाहारी साउथ इंडियन मिळालं. आईला इडली दिसली आणि मी सुटलो, कारण इथे साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये पण माशाचं पाणी असतं. तरी तिने पर्समधून दशमी काढलीच. तिच्या केळ्याची सालं मात्र मी दुपारभर खिशात घेऊन हिंडलो, रस्त्यावर कचऱ्याचा डबाच नाही, 1995 च्या सारिन ह्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर काढले ते बरेचसे परत आलेच नाहीत म्हणे.

तिथून असाकुसाचं सेन्सोजी मंदिर. उएनो ते असाकुसा ही मेट्रो 1927 ची, आशियातली पहिली (हे पण अण्णा). दारात लाल कंदील, तो 1960 साली पॅनासॉनिकच्या मात्सुशितांनी दिलेला. आतल्या दाराला माणसापेक्षा मोठे गवताचे जोडे टांगलेत, चिमीला सगळ्यात जास्त तेच आवडले. आईने धूप अंगावर घेतला, नाणं टाकलं, हात जोडले आणि विचारलं, मूर्ती कुठाय? आता आली का पंचाईत. म्हटलं आई, मूर्ती आहे आत, 628 साली नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात सापडली अशी कथा आहे, पण ती कोणालाच दाखवत नाहीत. "कोणालाच? मग एवढी माणसं दर्शन कसलं घेतायत?" तोंड उतरलं तिचं, एवढ्या लांब येऊन दर्शन नाही म्हणजे काय. मग बायकोने मोबाईलवर वाचून सांगितलं की ही कान्नोन देवता म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात तो कमळ घेतलेला पद्मपाणी आहे ना, तोच. आई एकदम खुलली. "अगं बाई, मग तो तर आपल्या तिकडचा! शाळेच्या पोरांना घेऊन दरवर्षी जायचे मी." आणि आत प्रदक्षिणेला जागा नाही म्हणून अख्ख्या देवळाला बाहेरून चक्कर मारली, दुकानं, फोटो काढणारी पोरं, सगळ्यांमधून वाट काढत. आम्ही मागे मागे.

उद्या अण्णांना रेन्कोजीला जायचंय, नेताजींच्या म्हणून अस्थी ठेवल्यात ते देऊळ. त्या नेताजींच्याच का, हा वाद तू सुरू करू नकोस, इथे आधीच एक पार्टी आहे. परवा शिंकानसेन, म्हणजे इथली बुलेट ट्रेन, तेव्हा माझं काय होणार ते बघू.

ड्रायव्हरचा व्हिडिओ वेगळा पाठवलाय, काकांना टीव्हीवर लावून दाखव, मोबाईलवर त्यांना दिसायचं नाही. आणि वरच्या टाकीचा वॉल्व बंद केलाय का एकदा बघून ये ना, किल्ली शेजारी आहे, आई विमानात बसल्यापासून तेच विचारतेय.

तुझा,
पक्या