नागोठण्याच्या पुढच्या कलिंगडवाल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

शिमग्याची पालखी नाचवून आम्ही चिपळूणहून ठाण्याला परत येत होतो. नागोठणं सोडलं आणि गाड्यांच्या रांगेत अडकलो, ते तुमच्या झावळ्यांच्या मांडवासमोर. मागच्या सीटवर माझे वडील होते. वय ऐंशीच्या पुढे, चेहरा लालबुंद, ओठ कोरडे. मार्चमधलं ऊन काय असतं हे रायगडात राहणाऱ्यांना सांगायला नकोच. 2017च्या मार्चमध्ये तुमच्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला पारा 46 अंशांच्या वर गेला होता.

बाबा प्रवासात पाणी पीत नाहीत. लघवीला कुठे जायचं, हा त्यांचा प्रश्न. 2011 पासून या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण चाललंय, पण म्हाताऱ्या माणसाला आडोसा कुठे मिळेल याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. तुमच्याकडे पोचायच्या आधी एका मोठ्या थंडगार हॉटेलात आम्ही पाच मिनिटं टेकायला मागितली होती. टेबलं रिकामी होती. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "जेवणार आहात का? नाहीतर बाहेर थांबा." बाबा काही बोलले नाहीत, काठी टेकत मुकाट्याने गाडीकडे वळले. ते आठवलं की मला अजून राग येतो.

तुम्ही मात्र गिऱ्हाईक सोडून पुढे आलात. स्वतःची खुर्ची दिलीत. ओल्या गोणपाटाखालचं एक कलिंगड काढलंत. देठाजवळचा ताणा वाळलेला, जमिनीला टेकलेली बाजू चांगली पिवळी. दोन थापा मारून कान लावलात आणि ते बाजूला ठेवून दुसरं घेतलंत. कापून उघडं ठेवलेल्या फोडी समोर होत्या, त्यांना हात लावला नाहीत. मी बर्फाचं विचारलं तर म्हणालात, "उन्हातून आल्यावर बर्फ नको, घसा धरंल."

पण हे पत्र ज्यासाठी लिहितोय ते पुढेच आहे. बाबांनी पहिला घास तोंडात घेतला आणि बी अडकली. दात नाहीत, कवळी गाडीत काढून ठेवलेली. सगळ्यांसमोर थुंकायची त्यांना लाज वाटली. मी शेजारी होतो, माझ्या हे लक्षात यायच्या आत तुमच्या आलं. काही न बोलता तुम्ही ताटली मागे घेतलीत आणि सुरीच्या टोकाने एकेक बी काढायला बसलात. मधला बिनबियांचा गाभा आधी वेगळा केलात, मग कडेचा गर. बोटाएवढे तुकडे, वर चिमूटभर मीठ. मागे माणसं थांबलेली, एक जण गाडीतून हॉर्न वाजवत होता. तुम्ही मान वर केली नाहीत. त्या हॉटेलातल्या माणसानेही केली नव्हती, पण फरक केवढा!

बाबांनी सगळी ताटली संपवली. कलिंगडात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं म्हणतात. जे पाणी बाबा बाटलीतून प्यायला तयार नव्हते, ते असं पोटात गेलं. थोड्या वेळाने चेहऱ्यावरची लाली उतरली आणि ते तुमच्याशी शेतीवर बोलायला लागले. भात कापून झालं की त्याच खाचरात हे पीक घेता, 2020च्या टाळेबंदीत गाड्याच न आल्यामुळे माल शेतातच सडला, हे तुम्ही सांगितलंत. त्या नुकसानीची गोष्ट सांगतानासुद्धा तुमचे हात बाबांसाठी बिया काढत होते.

ज्याच्याकडे मोठा माल आहे, एसी आहे, त्याला पाच मिनिटांची खुर्ची जड होते. आणि जिचं सगळं भांडवल रस्त्याकडेच्या ढिगात, ती आपल्या बसायच्या जागेवरून उठते. माणुसकी अजून आहे असं लोक म्हणतात, तेव्हा ती तुमच्यासारख्यांच्या जिवावर आहे, हे म्हणायला हवं.

तुमचा मुलगा मोबाइल घेऊन बसला होता, म्हणून हे असं जाहीर लिहितोय. त्याच्या नजरेस पडलं तर त्याने तुम्हाला वाचून दाखवावं. बाबांची तब्येत छान आहे. फक्त तुम्ही पैसे घेतले नाहीत, याचा राग त्यांच्या मनात अजून आहे. पुढच्या खेपेला ढिगातलं सगळ्यात मोठं कलिंगड आम्ही घेणार, आणि तुम्ही सांगाल त्या भावाला. बाबांनी बजावून सांगितलंय, घासाघीस करायची नाही.

तुमचा,
त्या काठीवाल्या बाबांचा मुलगा